परीक्षा कोण देतो, कोण घेतो?
(‘टेक’ या इंग्रजी क्रियापदाचा थोडा अभ्यास)

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वडोदऱ्याला मावशीकडे गेले होते. मावशीचे बिऱ्हाड दांडिया बाजारात आहे. परीक्षा संपली होती, हाताशी दीड महिना होता. तेव्हा एखाद्या हिशेब तपासनिसांच्या कार्यालयात महिनाभर काम शिकावे, असा विचार मनात आला. काकांच्या ओळखीने एका ठिकाणी भेटीची वेळ मिळाली. समोर दोघेजण बसले होते. नाव, गाव, विषय असे सोपे प्रश्न झाले. मग एकाने विचारले, ‘डिड यू टेक द इन्कम टॅक्स पेपर धिस इयर?’

मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, ‘नो सर. द युनिव्हर्सिटी टुक इट. आय ओन्ली गेव्ह इट.’

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पहिल्या गृहस्थांनी तोच प्रश्न पुन्हा सावकाश विचारला. त्यांना नीट ऐकू आले नसावे असे वाटून मीही तेच उत्तर पुन्हा, जरा मोठ्याने दिले. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिले आणि ‘कळवतो’ म्हणाले. ते अजून कळवतच आहेत!

नंतर उलगडा झाला तो असा. त्यांना प्राप्तिकराचा पेपर झालेलाच विद्यार्थी हवा होता. मी ‘नो’ म्हटले, त्याचा अर्थ त्यांनी ‘मी त्या पेपरला बसलेच नाही’ असा घेतला. वस्तुतः त्या पेपरसाठी मी दोन महिने डोळ्यांत तेल घालून अभ्यास केला होता. म्हणजे विषय येत होता, पण एका क्रियापदाने घात केला.

वाचकमित्रहो, मी काही इंग्रजीची प्राध्यापिका नव्हे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, वाणिज्य शाखेची एक साधी विद्यार्थिनी आहे. परंतु ठेच लागली की माणूस खाली पाहून चालू लागतो. त्या दिवसापासून मी एका वहीत ‘टेक’ची वाक्ये टिपून ठेवू लागले. त्या वहीतले काही आपल्यापुढे ठेवते.

उलटी नोंद

त्या रात्री काका दुकानाची कीर्द-खतावणी घेऊन बसले होते. मी रडवेल्या सुरात सर्व हकिगत सांगितली. काका म्हणाले, “अगं, यात रडण्यासारखं काय आहे? जमेची रक्कम नावे टाकलीस, एवढंच!”

काका सहज बोलून गेले, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकतो की, व्यक्तीच्या खात्याचा नियम ‘घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा’ असा आहे. प्रत्येक व्यवहारात एक देणारा असतो आणि एक घेणारा. आता परीक्षा हा एक व्यवहार आहे असे समजा. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. म्हणजे विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे काहीतरी जाते, अशी आपल्या भाषेची कल्पना आहे. इंग्रजीत हीच नोंद नेमकी उलटी होते. तेथे परीक्षा हे शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे ठेवलेले काम. शिक्षक ते देतात, विद्यार्थी ते अंगावर घेतो. म्हणून ‘द टीचर गिव्ह्ज अ टेस्ट’ आणि ‘द स्टुडंट टेक्स अ टेस्ट’. घटना एकच, पण देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल.

हे एकदा समजले की माझ्या उत्तरातली गंमत कळते. ‘द युनिव्हर्सिटी टुक द एक्झाम’ याचा इंग्रजी माणसाच्या कानाला अर्थ होतो तो असा की, विद्यापीठच बिचारे बाकावर बसून पेपर लिहीत होते!

चार भाषांचे चार दरवाजे

अशा चुका सगळ्यांच्या सारख्या नसतात. ज्याची जी घरची भाषा, त्याची ती चूक. वडोदऱ्यात मराठी आणि गुजराती शेजारी शेजारी नांदतात. गुजरातीत ‘परीक्षा आपवी’ म्हणजे परीक्षा देणे आणि ‘परीक्षा लेवी’ म्हणजे परीक्षा घेणे. हिंदीतही ‘परीक्षा देना’ असेच आहे. तिन्ही भाषांची नोंद एकाच बाजूला पडते. त्यामुळे मराठी मुलीने ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हटले तर गुजराती मैत्रिणीला त्यात काही वावगे वाटत नाही, आणि चूक दाखवायला कोणी उरत नाही.

आमच्या बेळगावात मात्र निराळा अनुभव येतो. कन्नडमध्ये ‘परीक्षे बरेयुवुदु’ म्हणतात, म्हणजे ‘परीक्षा लिहिणे’. म्हणून आमच्या वर्गातल्या कन्नड मैत्रिणी ‘आय रोट द एक्झाम’ असे म्हणतात आणि आम्ही मराठी मुली ‘आय गेव्ह द एक्झाम’ असे म्हणतो. दोघी एकाच बाकावर, एकाच पेपरला बसलेल्या. वर्षानुवर्षे एकमेकींचे ऐकतो, पण दोन्ही वाक्ये आपापल्या घरून आली आहेत हे कधी ध्यानात आले नव्हते. यात कन्नड मैत्रिणींचे नशीब थोडे चांगले आहे, कारण कॅनडातही ‘राइट ॲन एक्झाम’ म्हणण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये ‘टेक’च्या जोडीला ‘सिट’ हे क्रियापद चालते; ते आपल्या ‘परीक्षेला बसणे’ याच्या अगदी जवळचे. आपल्याकडील अर्जांवर ‘ॲपियर’ हा शब्द असतो, तोही आपल्या देशात सर्वांना समजतो.

‘गिव्ह ॲन एक्झाम’ आपल्या देशात इतके रूढ आहे की आपसात कोणाचे काही अडत नाही. अडते ते बाहेरच्या माणसाशी बोलताना किंवा ज्याचे कान इंग्रजी पुस्तकांवर तयार झाले आहेत अशा माणसासमोर. तेव्हा विद्यार्थ्याने ‘टेक’ वापरावे, हे उत्तम.

मुलाखतीचा प्रकारही असाच आहे. आपण म्हणतो, ‘मी मुलाखत दिली, त्यांनी घेतली.’ इंग्रजीत ‘गिव्ह ॲन इंटरव्ह्यू’ म्हटले की एखादा मंत्री किंवा खेळाडू वर्तमानपत्राला मुलाखत देतो आहे, असे चित्र उभे राहते. नोकरीसाठी गेलेल्या उमेदवाराने ‘आय हॅड ॲन इंटरव्ह्यू’ म्हणावे, आणि घेणाऱ्यांविषयी ‘दे इंटरव्ह्यूड मी’ म्हणावे.

जेथे ‘घेणे’ आणि ‘टेक’ जुळतात

सुदैवाने सगळीकडेच उलटे नाही. पुष्कळ ठिकाणी मराठीचे ‘घेणे’ जसेच्या तसे चालते. भाग घेणे म्हणजे ‘टेक पार्ट’, काळजी घेणे म्हणजे ‘टेक केअर’, जोखीम घेणे म्हणजे ‘टेक अ रिस्क’, शपथ घेणे म्हणजे ‘टेक ॲन ओथ’, सूड घेणे म्हणजे ‘टेक रिव्हेंज’, कर्ज घेणे म्हणजे ‘टेक अ लोन’. औषध घेणे म्हणजे ‘टेक मेडिसिन’. निर्णय घेणे याला ब्रिटिश पद्धतीत ‘टेक अ डिसिजन’ चालते. अमेरिकन लोक ‘मेक’ म्हणतात. अशा ठिकाणी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने बिनधास्त बोलावे. आपली मातृभाषाच येथे आपल्याला मदत करते.

जेथे मराठीत ‘घेणे’ आहे, पण इंग्रजीत ‘टेक’ नाही

येथे खरी फसगत होते. ‘मी शिक्षण घेत आहे’ याचे ‘आय ॲम टेकिंग एज्युकेशन’ असे भाषांतर आपण सर्रास करतो. इंग्रजीत साधे ‘आय ॲम स्टडिंग कॉमर्स’ म्हणतात. ‘सभा घेतली’ याला ‘टुक अ मीटिंग’ न म्हणता ‘हेल्ड अ मीटिंग’ म्हणावे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे वारंवार लागते, कारण कंपनीच्या सभांचे इतिवृत्त लिहावे लागते. ‘चहा घेतला का?’ याला ‘हॅव यू हॅड टी?’ म्हणणे स्वाभाविक. ‘टेक टी’ अगदीच चूक नाही, पण जुन्या काळचे वाटते. ‘जेवण घेतले’ यालाही ‘हॅड लंच’ बरे. आणि आजकालचे आपले लाडके वाक्य ‘टेन्शन घेऊ नकोस’! त्याचे ‘डोन्ट टेक टेन्शन’ हे आपल्या घरचे इंग्रजी झाले. बाहेर ‘डोन्ट वरी’ म्हणावे.

जेथे इंग्रजीत ‘टेक’ आहे, पण मराठीत ‘घेणे’ नाही

पहिले उदाहरण वेळेचे. मराठीत वेळ ‘लागतो’, इंग्रजीत वेळ ‘टेक’ केला जातो. ‘मला हा ताळेबंद जुळवायला तीन तास लागले’ याचे इंग्रजी ‘इट टुक मी थ्री आवर्स टु टॅली धिस बॅलन्स शीट.’ या वाक्याचा साचा पाठच करावा: आधी ‘इट’, मग ‘टेक’चे योग्य रूप, मग व्यक्ती, मग वेळ आणि शेवटी ‘टु’ लावून काम.

दुसरे उदाहरण फोटोचे. आपण फोटो ‘काढतो’. हे ‘काढणे’ मोठे फसवे क्रियापद आहे. चित्र काढले तर ‘ड्रॉ’, बँकेतून पैसे काढले तर ‘विदड्रॉ’, डाग काढला तर ‘रिमूव्ह’, आणि फोटो काढला तर ‘टेक’. सयाजीबागेत माझ्या मावसबहिणीने एका परदेशी पाहुण्याला मोठ्या अदबीने ‘प्लीज रिमूव्ह अवर फोटो’ म्हटले. त्या गृहस्थाला वाटले की त्याच्या कॅमेऱ्यात चुकून आमचा फोटो आला आहे आणि तो आम्हांला पुसून हवा आहे! बिचारा कितीतरी वेळ शोधत बसला. माझे अज्ञान पाहून हसलेली तीच बहीण. त्यामुळे मला थोडा आनंद झाला, हे कबूल करते.

तिसरे उदाहरण ‘नेणे’. इंग्रजीत येथून तेथे नेणे म्हणजे ‘टेक’, आणि तेथून येथे आणणे म्हणजे ‘ब्रिंग’. हा भेद मराठी माणसाला अवघड जाऊ नये, कारण ‘घेऊन जा’ आणि ‘घेऊन ये’ हे आपण लहानपणापासून म्हणतो. कन्नडमध्येही ‘तेगेदुकोंडु होगु’ आणि ‘तेगेदुकोंडु बा’ असा हाच भेद आहे. ‘होगु’ असेल तेथे ‘टेक’, ‘बा’ असेल तेथे ‘ब्रिंग’, एवढे कन्नड विभागाच्या वाचकांनीही लक्षात ठेवावे.

एक जवळचे भावंड : उसने

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने याच ओघात ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ हे दोन शब्द पक्के करावेत. आपण ‘उसने’ हा एकच शब्द ठेवतो आणि पुढे ‘देणे’ किंवा ‘घेणे’ लावतो. कन्नडमध्ये ‘साल’ या शब्दापुढे असेच ‘कोडु’ किंवा ‘तेगेदुको’ येते. इंग्रजीत मात्र उसने देणे याला ‘लेंड’ आणि उसने घेणे याला ‘बॉरो’ अशी दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. ‘वी बॉरोड यू टेन थाउजंड रुपीज’ असे पत्रात लिहिले, तर येणे बाजूची रक्कम देणे बाजूला गेली असे समजा.

शब्द एक आणि बाजू दुसरी, हा प्रकार आपल्या भाषांतही आहे. काकांच्या दुकानातील गुजराती वहीत ‘उधार’ हा शब्द पाहून मला वाटले, ही उधारीची यादी असावी. गुजराती हिशेबात ‘उधार’ म्हणजे आपली नावे बाजू, आणि ‘जमा’ म्हणजे जमाच. तेव्हा इंग्रजीलाच का बोल लावावा?

रूपांची चूक

‘टेक’, ‘टुक’, ‘टेकन’ ही तीन रूपे सर्वांना पाठ असतात, पण वापरताना गोंधळ होतो. ‘डिड’ आले की भूतकाळ त्याने उचलला. पुढे मूळ रूपच यावे. म्हणून ‘डिड यू टुक’ चूक, ‘डिड यू टेक’ बरोबर. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आले की तिसरे रूप. म्हणून ‘आय हॅव टुक’ चूक, ‘आय हॅव टेकन’ बरोबर.

आणखी एक मौजेची गोष्ट. हे ‘टेक’ मुळात इंग्रजांचेही नव्हे. इंग्लंडमध्ये येऊन वसलेल्या उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन लोकांच्या ‘ताका’ या शब्दापासून ते आले. त्यापूर्वी इंग्रजीत घेणे यासाठी ‘निमन’ असे क्रियापद होते. परक्या शब्दाने घरच्या शब्दाला हुसकावून लावले. त्याची खूण आज ‘नम’ म्हणजे बधिर या शब्दात उरली आहे. ज्यांची भाषा तेही घेणे हा शब्द दुसऱ्याकडून घेतात, मग आपण शिकताना अडखळलो तर लाज कसली?

वडोदऱ्याचा धडा

लाजेचा विषय निघाला म्हणून सांगते. त्या मुलाखतीनंतर चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुढे आपण कधीच टिकणार नाही, असे मनाने घेतले होते. पाचव्या दिवशी मावशीने जबरदस्तीने बाहेर काढले आणि सूरसागराच्या काठाने फिरवून आणले. या शहराचा इतिहास थोडाफार ठाऊक होता. त्या दिवशी तो निराळा वाटला.

सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव. १८७५ साली दत्तक येऊन ते गादीवर बसले, तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखही झालेली नव्हती. बाराव्या वर्षी श्रीगणेशा करून त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा भाषा शिकल्या. पुढे याच राजाने १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९३१ साली त्यांच्या राज्यात ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली या भाषांत कोणते शब्द वापरावेत, ते त्यात दिले आहे. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत आपोआप बसत नाही, त्यासाठी विचार करावा लागतो, हे त्या लोकांना पुरते कळले होते.

उलट दिशेचे उदाहरणही येथलेच. अरविंद घोष सातव्या वर्षी इंग्लंडला गेले आणि १८९३ साली परतून बडोदे संस्थानच्या नोकरीत आले. इंग्रजी त्यांना उत्तम येत होते. बडोदा कॉलेजात ते इंग्रजी शिकवीत. पण स्वतःची बंगाली त्यांना येथे राहून, मोठेपणी शिकावी लागली. मराठी आणि गुजरातीही ते येथेच शिकले. एवढ्या विद्वानाला मातृभाषा विशीनंतर शिकावी लागते. मग विसाव्या वर्षी आपले इंग्रजीतले एक क्रियापद चुकले, तर आभाळ कोसळत नाही.

थोडा सराव

पुढील वाक्यांचे इंग्रजी आधी स्वतः करावे, मग उत्तर पाहावे.

१. काल बाईंनी आमची चाचणी घेतली. – ‘अवर टीचर गेव्ह अस अ टेस्ट येस्टरडे.’

२. ही परीक्षा मी दोनदा दिली. – ‘आय टुक धिस एक्झाम ट्वाइस.’

३. बँकेने माझी मुलाखत घेतली. – ‘द बँक इंटरव्ह्यूड मी.’

४. येथे पोहोचायला मला अख्खा दिवस लागला. – ‘इट टुक मी अ होल डे टु गेट हिअर.’

५. आमचा फोटो काढाल का? – ‘वुड यू टेक अवर फोटो?’

६. मी खात्यातून पाच हजार रुपये काढले. – ‘आय विदड्रू फाइव्ह थाउजंड रुपीज फ्रॉम माय अकाउंट.’

७. ही फाइल साहेबांकडे घेऊन जा आणि सही करून घेऊन ये. – ‘टेक धिस फाइल टु द मॅनेजर अँड ब्रिंग इट बॅक साइन्ड.’

८. संचालकांनी सोमवारी सभा घेतली. – ‘द डायरेक्टर्स हेल्ड अ मीटिंग ऑन मंडे.’

९. तू पेपर दिलास का? – ‘डिड यू टेक द पेपर?’ (येथे ‘टुक’ लिहिणाऱ्याने मागील भाग पुन्हा वाचावा.)

दहापैकी नऊच वाक्ये दिली आहेत. दहावे माझे स्वतःचे. आठ दिवसांनी मी दुसऱ्या एका कार्यालयात गेले. तेथेही तोच प्रश्न आला, ‘हॅव यू टेकन द इन्कम टॅक्स पेपर?’ मी आवंढा गिळला, मनात देणारा आणि घेणारा यांची जागा बदलली आणि म्हटले, ‘येस सर. आय टुक इट इन एप्रिल.’ दुसऱ्या दिवसापासून मला व्हाउचरांची फाइल लावण्याचे काम मिळाले. काम साधेच होते, पण महिनाभरात पुष्कळ शिकायला मिळाले.

तेथे बिले हाताळताना एक गोष्ट रोज दिसे. इंग्रजी बिलाच्या तळाशी ‘ई. अँड ओ. ई.’ अशी अक्षरे असतात; चुका आणि गळालेल्या बाबी वगळून, असा त्यांचा अर्थ. आपल्या जुन्या मराठी बिलांवर त्याच जागी ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे लिहिलेले असे. इंग्रज चूक वगळतो, आपण ती देतो आणि घेतो. या लेखात मराठी, कन्नड, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांना हात घातला आहे, तेव्हा कोठेतरी नावे-जमेचा घोळ झाला असण्याचा संभव आहे. जाणकारांनी तो जरूर दाखवावा. माझ्या वहीत अजून पाने कोरी आहेत.

चूकभूल द्यावी घ्यावी.